गाठ ४ मिमीची, आकडा निम्माच का?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काय समजले ते तुम्हाला कळेल. तुम्ही पीएचडी करताय. उंदरांच्या खांद्यावर त्वचेखाली वाढवलेल्या गाठींमध्ये सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टरला चिकटणारा पेप्टाइड किती पोचतो, ते तुम्हाला मोजायचंय. पेप्टाइडवर डोटा कीलेटर, म्हणजे धातू पकडून ठेवणारा रेणू, आहे आणि त्यात किरणोत्सारी गॅलियम-६८. इंजेक्शननंतर तासाभराने छोट्या प्राण्यांच्या पेट स्कॅनरवर (पॉझिट्रॉन सोडणाऱ्या अणूंवरून चित्र काढणारं यंत्र) स्कॅन होतो, मग लगेच गाठ काढून गॅमा काउंटरमध्ये मोजणी. काउंटर सांगतो, दिलेल्या डोसच्या ७ टक्के प्रति ग्रॅम. चित्रावरून आकडा येतो ३ च्या आसपास. गाठी साधारण ४ मिमीच्या. माहितीपत्रकात रिझोल्यूशन १.४ मिमी लिहिलंय, म्हणून तुमच्या सरांचं म्हणणं असं की गाठ त्याच्या जवळजवळ तिप्पट आहे, आकडा बरोबर यायलाच हवा, तेव्हा कॅलिब्रेशन बिघडलं असणार. आणि विक्रेता म्हणतोय, पाव मिलिमीटरचं पिनहोल स्पेक्ट घ्या, म्हणजे बारीक भोकातून गॅमा किरणांचं चित्र काढणारं यंत्र.

मशीन बहुधा ठीक आहे. ‘बहुधा’ म्हणते, कारण तुमच्या लॅबमधल्या दोन-तीन गोष्टी मला इथून दिसत नाहीत. त्यांच्याकडे पुढे येतेच. पण ७ चे ३ होण्यासाठी कुठलंही मशीन बिघडावं लागत नाही. गेली अठरा वर्षं मी छोट्या प्राण्यांची पेट आणि स्पेक्ट युनिट सांभाळते आणि दर वर्षी कोणी ना कोणी हीच तफावत घेऊन माझ्या टेबलाशी येतं.

गडबड ‘रिझोल्यूशन’ या शब्दाच्या अर्थात आहे. १.४ मिमी रिझोल्यूशन म्हणजे साधारण तेवढ्या अंतरावरचे दोन बिंदू वेगळे ओळखू येतात. त्याहून मोठ्या वस्तूतली मात्रा बरोबर मोजली जाते, असं ते मुळीच सांगत नाही. दिसणं आणि मोजणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मोजण्याला दिसण्यापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते.

एक संत्रं घ्या. ४ मिमी व्यासाची गाठ म्हणजे २ मिमी त्रिज्येचा गोळा. त्याच्या बाहेरच्या १ मिमी जाडीच्या सालीत किती आकारमान बसतं? आतल्या गाभ्याची त्रिज्या निम्मी, म्हणजे त्याचं आकारमान एक-अष्टमांश. उरलेलं सात-अष्टमांश, म्हणजे जवळजवळ ८८ टक्के, सालीत. साल अर्धा मिलिमीटरच धरली तरी तिच्यात ५८ टक्के आहे. एवढी छोटी गाठ म्हणजे बव्हंशी सालच. आणि स्कॅनरचा धूसरपणा पहिला घाला घालतो तो सालीवर. कडेची अॅक्टिव्हिटी, म्हणजे किरणोत्सार, बाहेर सांडते, आणि तुम्ही सीटीवर गाठीच्या कडेने नीट रेघ मारून सरासरी काढलीत की सांडलेलं सगळं त्या रेघेच्या बाहेर राहतं. यालाच आपण पार्शल व्हॉल्यूम इफेक्ट म्हणतो, आणि खऱ्या मात्रेचा जेवढा हिस्सा चित्रात उरतो त्याला रिकव्हरी कोएफिशिअंट.

हा हिस्सा हिशोबाने काढता येतो. गाठ गोल, आत सगळीकडे सारखी मात्रा, भोवती काहीच नाही आणि धूसरपणा घंटेच्या आकाराचा, असं धरा. रिझोल्यूशन १.५ मिमी असेल तर ४ मिमीच्या गोळ्याची सरासरी ६३ टक्केच उरते. तिप्पट-बिप्पट असूनही! रिझोल्यूशन २.३ मिमी झालं तर उरतात ४६ टक्के. तुमच्या ७ चे ४६ टक्के म्हणजे ३.२. तुम्हाला ३ च्या आसपास मिळालेत.

हे २.३ कुठून आणलं, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं. माहितीपत्रकातला आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या प्रयोगाचा नसतो. छोट्या प्राण्यांच्या पेटसाठी जी नेमाची (अमेरिकेतली विद्युत-उपकरण उत्पादकांची संघटना) २००८ सालची प्रमाणपद्धत आहे, तिच्यात रिझोल्यूशन मोजतात सोडियम-२२ च्या टाचणीच्या टोकाएवढ्या स्रोताने, तोही अॅक्रिलिकच्या १० मिमीच्या ठोकळ्यात बसवलेला. सोडियम-२२ चे पॉझिट्रॉन मंद असतात, फार पळत नाहीत. गॅलियम-६८ चे पॉझिट्रॉन अगदी उलट. फ्लोरिन-१८ (एफ-१८) च्या पॉझिट्रॉनची कमाल ऊर्जा ०.६३ एमईव्ही आणि ऊतीतला सरासरी पल्ला अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा. गॅलियमच्या पॉझिट्रॉनची कमाल ऊर्जा १.९ एमईव्ही आणि सरासरी पल्ला जवळजवळ ३ मिलिमीटर. स्कॅनरला दिसतो तो पॉझिट्रॉन जिथे संपतो आणि त्याचे दोन फोटॉन होतात तो बिंदू. पेप्टाइड जिथे बसलाय ती जागा त्याला दिसतच नाही. म्हणजे गाठीच्या मध्यभागी बसलेल्या अणूचा पॉझिट्रॉनही ४ मिमीच्या गाठीतून बाहेर पडून शेजारच्या स्नायूत विझू शकतो. सगळे तेवढे लांब जात नाहीत, बरेचसे जवळच थांबतात, म्हणून चित्राचा शिखराकडचा भाग तेवढा रुंदावलेला वाटत नाही. पण शेपूट लांबवर पसरते. माझ्या अनुभवात ज्या स्कॅनरवर एफ-१८ ला दीड मिलिमीटर मिळतं, त्यावर गॅलियमला सव्वादोन ते अडीच धरून चालावं.

बाकीचे घटक इथे दुय्यम आहेत, तरी सांगून ठेवते, कारण सर विचारतील. दोन फोटॉन अगदी १८० अंशांत निघत नाहीत, त्यामुळे येणारा धूसरपणा डिटेक्टरच्या रिंगच्या व्यासाच्या ०.००२२ पट असतो. माणसाच्या ८० सेंमीच्या रिंगमध्ये तो पावणेदोन मिलिमीटर होतो, उंदराच्या १५ सेंमीच्या रिंगमध्ये जेमतेम ०.३. फोटॉन टिपणाऱ्या स्फटिकामुळे येणारा धूसरपणा रिंगच्या मध्यावर त्याच्या रुंदीच्या निम्मा असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत सायमन चेरी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये जो मायक्रोपेट मांडला, त्याची रिंग १७ सेंमीची आणि एलएसओ या ल्युटेशियमयुक्त पदार्थाचे स्फटिक २ बाय २ बाय १० मिमीचे होते. सगळी हुशारी ते बारीक स्फटिक ऑप्टिकल फायबरने फोटोमल्टिप्लायरपर्यंत नेण्यात होती. त्यानंतर स्फटिक आणखी बारीक झाले, रिझोल्यूशन दीडच्या खाली आलं. पण पॉझिट्रॉनच्या पल्ल्याला कुठलाही स्फटिक हात लावू शकत नाही. तो तुम्ही निवडलेल्या आयसोटोपबरोबर घरात येतो.

आता तुम्ही म्हणाल, आकडा सगळीकडे सारखाच ४६ टक्के येत असेल तर गुणून टाकू, बिघडलं कुठे? इथेच खरी भीती आहे, आणि त्यासाठी माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट सांगते.

आमच्या गटात एका औषधाचा अभ्यास चालू होता. औषध दिलेल्या उंदरांच्या गाठी ८ मिमीवरून ४ मिमीवर आल्या. चित्रांवरून ट्रेसरचं (लेबल लावलेल्या रेणूचं) प्रमाण साधारण एक-तृतीयांशाने घटलेलं दिसलं. आम्ही खूश. औषध गाठीतले रिसेप्टरही कमी करतंय, असं वाक्य मसुद्यात लिहूनही झालं होतं. शेवटच्या दिवशी गाठी काढल्या, कागदावर टिपल्या, आधी वजन करून ठेवलेल्या नळ्यांत टाकल्या आणि काउंटरवर ठेवल्या. छोट्या गाठी आणि औषध न दिलेल्या मोठ्या गाठी, प्रति ग्रॅम आकडे सारखेच! मी नळ्या पुन्हा मोजल्या, तराजू पुन्हा शून्यावर आणला. आकडे तेच. मग कागदावर वर दिलेला हिशोब मांडला: २.३ मिमी रिझोल्यूशनला ८ मिमीच्या गोळ्याचे ७१ टक्के उरतात, ४ मिमीच्या गोळ्याचे ४६. नुसती गाठ लहान झाल्यामुळे, आतली मात्रा तसूभरही न बदलता, चित्रातला आकडा पस्तीस टक्क्यांनी पडतो. ते वाक्य आम्ही खोडलं. छापून गेलं असतं तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं, आणि म्हणूनच मी ही गोष्ट प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते.

तेव्हा तुमच्या गाठी प्रयोगभर एकाच मापाच्या राहणार असतील आणि तुम्हाला फक्त गट अ आणि गट ब यांची तुलना हवी असेल, तर दुरुस्ती न करताही काम भागेल, मात्र तसं स्पष्ट लिहायचं. गाठी वाढणार किंवा आटणार असतील, तर दुरुस्तीशिवाय एकही आकडा बाहेर पाठवू नका. हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती परिस्थिती तुम्हालाच ठाऊक.

आता मशीन खरंच निर्दोष आहे का, ते तपासू. कॅलिब्रेशनबद्दलचा सरांचा संशय पूर्ण झटकून टाकू नका, त्यात थोडं तथ्य निघू शकतं. स्कॅनर बहुतेक ठिकाणी एफ-१८ ने कॅलिब्रेट केलेला असतो. एफ-१८ च्या १०० विघटनांत ९७ पॉझिट्रॉन निघतात, गॅलियम-६८ च्या १०० मध्ये ८९. सॉफ्टवेअरमध्ये आयसोटोप बदलायचा राहिला तर आकडा आठ टक्क्यांनी खाली येतो, शिवाय क्षयाची दुरुस्तीही चुकते. गॅलियमचं अर्धायुष्य ६८ मिनिटं. स्कॅनरचा संगणक, डोस कॅलिब्रेटर (सिरिंजमधली अॅक्टिव्हिटी मोजणारं यंत्र) आणि भिंतीवरचं घड्याळ यांत ५ मिनिटांचा फरक असला की झाली ५ टक्क्यांची चूक. माझ्या युनिटमध्ये दर सोमवारी सकाळी सगळी घड्याळं एकाच मोबाइलवरून जुळवली जातात. ही शिस्त कोणाला बाळबोध वाटली तरी मी ती सोडत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डोस कॅलिब्रेटर, स्कॅनर आणि गॅमा काउंटर हे तिघंही एकाच द्रावणावर एकमेकांशी पडताळलेले हवेत. एक सिरिंज भरा, डोस कॅलिब्रेटरवर मोजा, ते द्रावण पाण्याच्या ५० मिलिच्या नळीत मिसळा, ती नळी स्कॅन करा, मग तिच्यातले १०० मायक्रोलिटर काउंटरमध्ये ठेवा. नळी सुमारे ३ सेंमी जाडीची असल्यामुळे तिच्या मध्यभागी पार्शल व्हॉल्यूमचा त्रास नाही. तिथे तिन्ही आकडे ५ टक्क्यांच्या आत जुळले तर कॅलिब्रेशनचा विषय संपला.

तिसरी शक्यता इंजेक्शनची. इथे बरेच जण घाई करतात. शेपटीच्या बाजूची शीर फुगण्यासाठी शेपटी मिनिटभर कोमट पाण्यात धरायची, ४० अंशांच्या आसपास, मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतपतच. मग ३० गेजची सुई जवळजवळ आडवी ठेवून शेपटीच्या टोकाकडून सुरुवात करायची, म्हणजे पहिला प्रयत्न हुकला तर वर सरकायला जागा उरते. सुई शिरेत असेल तर दट्ट्या लोण्यातून गेल्यासारखा जातो आणि शिरेतलं रक्त क्षणभर मागे सरून ती फिकी पडते. जरा जरी अडलं आणि शेपटीवर पांढुरका फुगवटा आला, तर तिथेच थांबायचं. तो डोस शिरेबाहेर गेला. २५ ग्रॅमच्या उंदराच्या अंगात रक्तच जेमतेम दोन मिलि असतं, म्हणून १०० मायक्रोलिटरच्या फार पुढे जायचं नाही. इंजेक्शननंतर सिरिंज परत मोजायची, कारण पेप्टाइड प्लास्टिकला चिकटून राहतात आणि तो उरलेला भाग वजा केला नाही तर आकडा खोटा पडतो. आणि स्कॅनमध्ये शेपटी सोडू नका. गाठच तेवढी चौकटीत घेतली तर शेपटीत अडकलेला डोस तुम्हाला कधीच कळणार नाही. मात्र हेही लक्षात घ्या की शेपटीत गळालेला डोस काउंटरच्या आकड्यालाही तेवढाच खाली ओढतो. तुमच्या ७ आणि ३ मधली दरी त्याने पडलेली नाही. सिरिंजचंही तसंच. ही काळजी दोन्ही आकडे खरे राहावेत म्हणून.

गॅलियमबद्दल आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही पण तुमच्या वेळापत्रकावरून मला खटकली. तुम्ही सकाळी एकदाच लेबलिंग करून एकामागून एक उंदीर घेताय आणि प्रत्येकाला तेवढेच मेगाबेकरेल मिळावेत म्हणून आकारमान वाढवत नेताय. ६८ मिनिटांनी तेवढ्याच अॅक्टिव्हिटीसाठी दुप्पट द्रावण लागतं, १३६ मिनिटांनी चौपट. द्रावण चौपट म्हणजे पेप्टाइडही चौपट. उंदराच्या इवल्याशा गाठीत रिसेप्टर मोजकेच असतात, आणि लेबल न लागलेला पेप्टाइड त्याच जागा अडवतो. शेवटच्या उंदराची गाठ फिकी दिसली तर ती गाठ वेगळी आहे म्हणून नव्हे, तिला पेप्टाइड जास्त मिळाला म्हणून. प्रत्येकाला पेप्टाइडचं वस्तुमान सारखं द्या, मेगाबेकरेल कमी होऊ द्या आणि स्कॅनचा वेळ वाढवा. शक्य असेल तर दोन उंदीर एकाच वेळी स्कॅनरमध्ये झोपवा. पण फार कमी अॅक्टिव्हिटीपर्यंत ओढू नका, एलएसओ-एलवायएसओच्या स्फटिकांत किरणोत्सारी ल्युटेशियम-१७६ नैसर्गिकरीत्याच असतं आणि त्याची स्वतःची कुजबुज चित्रात मिसळायला लागते.

इथवरचा गोषवारा एवढाच: चित्र आणि काउंटर यांच्यातली दरी गाठीचं माप आणि गॅलियमचा पल्ला यांनीच जवळजवळ पूर्ण भरते, आयसोटोपची सेटिंग आणि घड्याळ यांनी तिच्यात थोडी भर पडू शकते, आणि पेप्टाइडच्या वस्तुमानाचा प्रश्न वेगळा असला तरी तो आधी सोडवा.

आता पिनहोल स्पेक्ट. तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच, कारण हे तंत्र मूळचं इतकं साधं आहे. आमच्या गावच्या घरी माडीवर भर दुपारी दार लावून घेतलं की लाकडातल्या भोकातून समोरच्या भिंतीवर रस्त्यावरची माणसं उलटी चालताना दिसायची. पिनहोल कॅमेरा म्हणजे तेच, भिंतीच्या जागी डिटेक्टर आणि लाकडाच्या जागी टंगस्टन किंवा सोनं. मर्म आहे ते अंतरांत. उंदीर भोकापासून ३ सेंमीवर आणि डिटेक्टर १५ सेंमीवर ठेवला तर चित्र पाचपट मोठं पडतं. डिटेक्टरचा स्वतःचा धूसरपणा साडेतीन मिलिमीटरचा असला तरी उंदराच्या मापात तो पाचाने भागला जातो आणि ०.७ वर येतो. भोक जितकं बारीक तितकं चित्र आणखी रेखीव. शिवाय इथे पॉझिट्रॉन नाही, त्यामुळे पल्ल्याचं दुखणंही नाही.

किंमत मोजावी लागते ती फोटॉनमध्ये. १ मिमीच्या भोकासमोर ३ सेंमीवर एक बिंदू ठेवा. त्यातून निघालेल्या १४,४०० फोटॉनपैकी एक त्या भोकातून जातो. भोक अर्ध्या मिलिमीटरचं केलं की ५७,६०० मधला एक. पेटमध्ये शंभरातले काही टिपले जातात. हा फरक भरून काढायला एका भोकाऐवजी खूप भोकं लागतात, आणि इथे नेदरलँड्समधल्या उट्रेक्टच्या फ्रीक बीकमन यांच्या गटाने जे केलं त्याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. त्यांच्या यू-स्पेक्ट-२ मध्ये उंदराभोवती ७५ पिनहोल असतात, सगळी एकाच छोट्या जागेवर रोखलेली, आणि त्यांची चित्रं डिटेक्टरवर एकमेकांवर चढत नाहीत. डिटेक्टर फिरत नाहीत. त्याऐवजी उंदराचं पलंगडंच पुढे-मागे, वर-खाली थोडं थोडं सरकवतात आणि हवा तो भाग त्या केंद्रातून नेतात. उंदराच्या हृदयाची भिंत, गुडघ्याची वाढती कूर्चा, मेंदूतला स्ट्रायटम, असे मिलिमीटरभराचे भाग त्याने वेगळे ओळखता येतात. पण ज्या पाव मिलिमीटरने तुमचा विक्रेता भुरळ घालतोय, तो सगळ्यात बारीक भोकांनी, फँटममध्ये (चाचणीसाठीच्या निर्जीव नमुन्यात) भरपूर अॅक्टिव्हिटी घालून आणि मनसोक्त वेळ देऊन मिळतो. जिवंत उंदरात तासाभराच्या स्कॅनमध्ये एक टक्का डोस गाठीत असताना ०.६ ते ०.८ मिमी मिळालं तर मी समाधानी असते.

०.६ मिमीला तुमच्या ४ मिमीच्या गोळ्याचे ८५ टक्के उरतात. ४६ च्या जागी ८५, हा मोठा फायदा आहे आणि मी तो कमी लेखत नाही. फक्त त्यासाठी काय बदलावं लागेल ते आधी बघा. गॅलियम-६८ साध्या पिनहोलसमोर ठेवून चालणार नाही, ५११ केईव्हीचे फोटॉन भोकाच्या कडांतून आरपार जातात. नेदरलँड्समध्येच अरुंद पिनहोलचे गुच्छ वापरून ५११ चंही चित्र काढणारी यंत्रणा झाली, पण तीही पॉझिट्रॉन जिथे विझला तीच जागा दाखवणार, गॅलियमचा पल्ला तिथेही आहेच. म्हणजे आयसोटोप बदलणं आलं. डोटामध्ये इंडियम-१११ बसतं, अर्धायुष्य २.८ दिवस, सकाळच्या एका लेबलिंगवर सगळे उंदीर निवांत होतात आणि पेप्टाइड चौपट होण्याचा प्रश्नच उरत नाही. ल्युटेशियम-१७७ ही डोटात बसतं, त्याचा २०८ केईव्हीचा गॅमा स्पेक्टला चालतो, पण ते उपचाराचं आयसोटोप आहे. त्याच्या बीटा कणांनी गाठीलाच इजा होत असेल तर तुम्ही मोजताय काय, हा प्रश्न उरतो. टेक्निशियम-९९एम सगळ्यात हाताशी, जनरेटर वाशीच्या ब्रिट या सरकारी आयसोटोप संस्थेकडून मिळतो, १४० केईव्ही पिनहोलसाठी उत्तम. पण टेक्निशियम डोटात बसत नाही, हायनिकसारखी दुसरी पकड लागते, आणि मग तो तुमचा पेप्टाइड राहत नाही. अगदी डोटा तोच ठेवून आत नुसता धातू बदलला तरी रिसेप्टरशी चिकटण्याची ताकद बदलते, हे या पेप्टाइडांच्या बाबतीत पक्कं ठाऊक आहे. माणसात जायचं असेल ते गॅलियमच्या रेणूने आणि उंदरात मोजलं इंडियमच्या, तर समीक्षक नेमका तिथेच बोट ठेवेल. शिवाय नव्या आयसोटोपसाठी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी आणि प्राणी नैतिकता समितीकडे प्रोटोकॉलमध्ये दुरुस्ती, हे वेळापत्रकात धरा.

माझा कल सांगायचा तर, तुमचा प्रश्न ‘गाठीत एकूण किती’ एवढाच असेल तर स्पेक्टकडे वळू नका. गाठीच्या आत कडेला किती आणि मध्यभागी किती, मेलेल्या गाभ्यात पेप्टाइड पोचतो का, किंवा दोन आयसोटोप एकाच उंदरात एकाच वेळी बघायचेत, असं काही असेल तर स्पेक्टच हवं आणि तेव्हा त्याला पर्याय नाही. पेटमध्येच राहून सुधारणा हवी असेल तर एफ-१८ चा विचार करा. डोटाऐवजी नोटा कीलेटर लावून अॅल्युमिनियम फ्लोराइडच्या वाटेने एफ-१८ पेप्टाइडवर बसवता येतं. त्याला तापवावं लागतं, साधारण १०० अंशांपर्यंत, पण सोमॅटोस्टॅटिनचे छोटे पेप्टाइड ते सोसतात. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ पासून सायक्लोट्रॉन आहे आणि त्यानंतर खासगी सायक्लोट्रॉनही आले, त्यामुळे ११० मिनिटांच्या अर्धायुष्याचं एफ-१८ पुण्यासारख्या जवळच्या शहरापर्यंत येणं अवघड नाही. ४६ वरून ६३ टक्के होतील, आणि दिवसात जास्त उंदीर होतील. धातू बदलला की रेणू बदलतो, ही अडचण इथेही आहे. पण तुमचं काम पेप्टाइडच्याच शोधाच्या टप्प्यावर असेल तर हा बदल आत्ता करणं स्वस्त पडतं.

दुरुस्ती करायची ठरली तर दोन सावधगिरी. पहिली, कंपनीने दिलेल्या नेमाच्या फँटममधले १ ते ५ मिमीचे रॉड बघून ‘४ मिमीची रिकव्हरी इतकी’ असं उचलू नका. ते रॉड लांबट आहेत, त्यांच्यातून दोनच दिशांना सांडतं. गोळ्यातून तिन्ही दिशांना. रॉडचा आकडा गोळ्यापेक्षा नेहमी चांगला येतो, आणि बहुधा तो एफ-१८ ने काढलेला असतो. दुसरी, सरासरीऐवजी कमाल पिक्सेल घेऊन किंवा ‘कमालच्या ४० टक्क्यांवरचं तेवढं’ अशी रेघ मारून आकडा ७ च्या जवळ आणण्याचा मोह होईल. आकडा वाढेल हे खरं. पण कमाल पिक्सेल गोंगाटाबरोबर वर जातो, रिकन्स्ट्रक्शनचे (मोजणीवरून चित्र घडवणाऱ्या गणिताचे) फेरे वाढवले की आणखी वर जातो, आणि तुमच्या हातात मात्रा राहत नाही, सेटिंग राहतं. गाठीचं माप सीटीवरून किंवा कॅलिपरने घ्या, रेघ त्या मापाची मारा, आणि गोळ्यांवरून काढलेल्या गुणकाने दुरुस्त करा.

गोळ्या म्हणजे प्लास्टिकचे पोकळ मणी, ४ ते ८ मिमी व्यासाचा संच मिळतो. त्यांत गॅलियमच भरा, एफ-१८ नाही. जनरेटरमधून आलेलं गॅलियम नुसतं पाण्यात मिसळून भरू नका, ते उदासीन पीएचला गोळ्याच्या भिंतीला चिकटून बसतं आणि चित्रात मधोमध पोकळ कडं दिसतं. ते ईडीटीए या धातू पकडणाऱ्या रसायनात बांधून घ्या, किंवा सरळ उरलेला लेबल केलेला पेप्टाइडच वापरा. ४ मिमीच्या गोळ्यात ३३ मायक्रोलिटरच मावतात. बारीक सुई तळाशी नेऊन हळूहळू वर ओढत भरायचं, उजेडाकडे धरून बुडबुडा आहे का बघायचं. २ मिमीचा बुडबुडाही आकारमानाचा आठवा हिस्सा खातो. मग गोळ्या उंदराच्या जाडीच्या, साध्या पाण्याने भरलेल्या नळीत बसवा आणि तुमच्या नेहमीच्याच प्रोटोकॉलने, तेवढाच वेळ, त्याच फेऱ्यांचं रिकन्स्ट्रक्शन लावून स्कॅन करा. ४ मिमीच्या गोळीत ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आकडा आला तर सरांना तो पडदा दाखवा. ३० च्या खाली आला तर मला गोळीचा आकडा, ५० मिलिच्या नळीचा आकडा आणि रिकन्स्ट्रक्शनची सेटिंग्ज कळवा. मग मशीनचं झाकण उघडायचं की नाही ते ठरवू.